एकाच डिस्कच्या चाळीस प्रती आणि एसआयडी नावाचा आकडा

शेअर केलेलं फोल्डर उघडायला गेलं की पुन्हा पुन्हा पासवर्ड मागितला जातो, बरोबर पासवर्ड दिला तरी 'चुकीचा आहे' असं उत्तर येतं, रिमोट डेस्कटॉप जोडला जात नाही. कालपर्यंत सगळं सुरळीत होतं, मधे फक्त विंडोजचं अपडेट आलं. तुमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा ऑफिसात हे घडत असेल, तर केबल, अँटिव्हायरस आणि पासवर्ड तपासत बसू नका. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, 'सिस्टिम' नोंदींमध्ये एलएसए सर्व्हरची (विंडोजमधल्या लॉगिन तपासणाऱ्या भागाची) ६१६७ क्रमांकाची नोंद आहे का ते पाहा. मशीनच्या ओळखीत अंशतः तफावत आहे, असं त्या नोंदीत लिहिलेलं असतं. ती सापडली, तर बहुधा तुमची मशीन एकाच डिस्कवरून कॉपी केलेली आहेत आणि कॉपी करण्यापूर्वीची तयारी कुणीतरी गाळली आहे.

२९ ऑगस्ट २०२५ पासूनच्या अपडेट्समध्ये विंडोज ११ च्या २४एच२ व २५एच२ आवृत्त्यांत आणि विंडोज सर्व्हर २०२५ मध्ये ही नवी तपासणी आली. ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टने स्पष्ट केलं की हा बिघाड नाही, हे मुद्दाम केलं आहे. त्याच महिन्यात, १४ तारखेला, विंडोज १० चा सपोर्ट संपला. जुनी मशीन बदलून लॅमिंग्टन रोडवरून पंचवीस-तीस नवी घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने म्हणूनच हा विषय नीट समजून घ्यायला हवा. एक मशीन तयार करायचं आणि बाकीच्यांवर 'घोस्ट मारायचं', म्हणजे त्याच्या डिस्कची हुबेहूब प्रत टाकायची, ही पद्धत आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आली आहे. पद्धत योग्यच आहे, चूक होते ती तयारीत.

आता मुळाशी जाऊ. विंडोज बसवताना प्रत्येक मशीन स्वतःसाठी एक ओळख-आकडा बनवतं. त्याला एसआयडी म्हणतात. तो 'एस-१-५-२१' असा सुरू होतो, मग प्रत्येकी ३२ बिटांचे तीन आकडे येतात. म्हणजे एकूण ९६ बिट, ७९ वर २७ शून्यं इतक्या शक्यता. योगायोगाने दोन मशीनचा एसआयडी सारखा येणं व्यवहारात अशक्य आहे. सारखा दिसला तर एकच अर्थ: डिस्क कॉपी झाली आहे. त्या मशीनवरच्या प्रत्येक खात्याला याच आकड्याच्या शेवटी एक शेपूट जोडलं जातं. अंगभूत ॲडमिनिस्ट्रेटरला नेहमी ५००, गेस्टला ५०१ आणि आपण बनवलेल्या खात्यांना १००० पासून पुढे. इमारतीचं नाव आणि खोली क्रमांक मिळून पत्ता व्हावा तसं.

कुठली फाइल कोण उघडू शकतो ही परवानगी विंडोज 'सचिन' किंवा 'स्टुडंट' अशा नावावर ठेवत नाही, ती या पूर्ण आकड्यावर ठेवतं. एनटीएफएस (विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीने आखलेल्या) डिस्कवरच्या प्रत्येक फाइलमागे आणि विंडोजच्या सेटिंग्ज साठवणाऱ्या रजिस्ट्रीच्या प्रत्येक कप्प्यामागे असे आकडे लिहिलेले असतात. म्हणूनच खातं पुसून त्याच नावाने नवं बनवलं, तरी जुन्या फाइल उघडत नाहीत. नाव तेच असलं तरी शेपूट नवं असतं. आणि म्हणूनच चालत्या मशीनचा एसआयडी 'एका क्लिकमध्ये' बदलणारी फुकट सॉफ्टवेअर धोक्याची आहेत. त्यांना डिस्कवरच्या लाखो नोंदी शोधून बदलाव्या लागतात, काही सुटतात आणि महिन्याभराने भलतंच काहीतरी बंद पडतं.

अशी साधनं एकेकाळी प्रतिष्ठित होती. त्यातलं सर्वांत प्रसिद्ध 'न्यूएसआयडी'. पण २००९ च्या नोव्हेंबरमध्ये त्याचेच कर्ते मार्क रुसिनोविच यांनी ते मागे घेतलं. त्यांचा युक्तिवाद असा: मशीनचा एसआयडी मशीनबाहेर जातच नाही. दुसऱ्या मशीनवर लॉगिन करताना आपण नाव आणि पासवर्ड देतो, डोमेनमधली (एका मध्यवर्ती सर्व्हरवरून चालणाऱ्या नेटवर्कमधली) खाती डोमेनचा एसआयडी वापरतात. मग दोन मशीनचा आकडा सारखा असल्याने बिघडतं कुठे? अपवाद फक्त डोमेन कंट्रोलरचा, म्हणजे त्या मध्यवर्ती सर्व्हरचा. त्या काळासाठी हा युक्तिवाद बरोबर होता. पण कॉपीपूर्वी मशीनची ओळख पुसणाऱ्या विंडोजच्या साधनाची, म्हणजे सिसप्रेपची, गरज नाही एवढंच लोकांनी त्यातून उचललं. कॉपी केलेल्या मशीनवर सिसप्रेप चालवलेलं असलंच पाहिजे ही मायक्रोसॉफ्टची अट तेव्हाही कायम होती, आणि हेही त्याच लेखात लिहिलेलं होतं.

आता काय बदललं? करबेरॉस या ओळख पटवण्याच्या पद्धतीत एक मशीन दुसऱ्याकडे जाताना 'तिकीट' घेऊन जातं. ते कुठल्या मशीनवर तयार झालं याची खूण त्यात असते. एखादा प्रोग्रॅम आपल्याच मशीनवर नेटवर्कच्या वाटेने फिरून येऊन जास्त अधिकार मिळवू पाहत असेल, तर तो या खुणेवरून पकडता येतो. ६१६७ च्या नोंदीत नेमकं हेच म्हटलं आहे: तिकिटात फेरफार झाला आहे, किंवा ते मशीनच्या वेगळ्या बूट सत्रातलं, म्हणजे मशीन वेगळ्या वेळी सुरू झालं तेव्हाचं आहे. दोन मशीनचा एसआयडी एकच असला की समोरून आलेलं प्रामाणिक तिकीटही 'माझंच, पण आत्ताचं नाही' असं दिसतं आणि नाकारलं जातं. ओळख पटवण्याच्या एनटीएलएम या दुसऱ्या पद्धतीलाही याचा फटका बसतो, त्यामुळे डोमेन नसलेली साधी वर्कग्रुपची लॅबही सुटत नाही.

'कोपऱ्यातली ती सात मशीन पहिल्यापासून अपशकुनी आहेत, दुकानातून आली तेव्हा अमावास्या होती' असं लॅबमध्ये बोललं जातं. खंडेनवमीला संगणकाला झेंडूची माळ घालणं ही कामाच्या साधनाबद्दलची कृतज्ञता आहे, ती जरूर दाखवा. पण नकार देणाऱ्या मशीनचं कारण त्याच्या इव्हेंट लॉगमध्ये लिहिलेलं आहे, आणि ते वाचायला पाच मिनिटं लागतात.

आता तयारी. मूळ मशीनवर विंडोज कोरं बसवा. पहिल्या 'तुमचा देश निवडा' या पडद्यावर कंट्रोल-शिफ्ट-एफ३ दाबा. मशीन ऑडिट मोडमध्ये (तयारीसाठीच्या खास अवस्थेत) जातं आणि अंगभूत ॲडमिनिस्ट्रेटर खात्यात उघडतं, वेगळं खातं बनवावं लागत नाही. सगळी सॉफ्टवेअर इथेच बसवा. डोमेनला जोडू नका. विंडोजची अपडेट्स आधी पूर्ण करा, रीस्टार्ट बाकी ठेवू नका, मग इंटरनेटची केबल काढून ठेवा.

केबल काढायची ती स्टोअरमधल्या ॲप्समुळे. मशीन ऑनलाइन असलं की ती ॲप्स मागच्या मागे अपडेट होतात आणि नवी आवृत्ती फक्त चालू खात्यापुरती बसते, सगळ्यांसाठी नाही. सिसप्रेप अशा ॲपवर अडखळतं. अपयशाचं सर्वाधिक दिसणारं कारण हेच. सिस्टिम३२ मधल्या सिसप्रेप फोल्डरमध्ये 'पँथर' नावाचं फोल्डर असतं, तिथल्या सेटअपॲक्ट लॉगमध्ये दोषी ॲपचं पूर्ण नाव मिळतं. पॉवरशेलमधून ते सर्व वापरकर्त्यांसाठी काढा आणि पुन्हा प्रयत्न करा. एक काढलं की पुढचं नाव येतं, तेव्हा चिकाटी ठेवा. दुसरं कारण बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारी विंडोजची सोय. २४एच२ मध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद होऊ शकते, म्हणून स्थिती तपासा, बंद करा आणि डिस्कचं कुलूप निघणं शंभर टक्के पूर्ण होईपर्यंत थांबा.

मग सिसप्रेप चालवा, तीन पर्यायांसह: जनरलाइझ (ओळख पुसणं), ओओबीई (पुढच्या वेळी सुरुवातीचे पडदे दाखवणं), शटडाउन. सोबत उत्तरांची एक्सएमएल फाइल द्या. त्यात स्थानिक खातं, भाषा, ऑनलाइन खात्याचा पडदा लपवणं आणि संगणकाच्या नावाच्या जागी फक्त तारांकन लिहा, म्हणजे प्रत्येक मशीन वेगळं नाव घेतं. मशीन बंद झालं की ते त्याच डिस्कवरून पुन्हा सुरू करू नका. सुरू केलंत तर नवी ओळख देणारा 'स्पेशलाइझ' टप्पा तिथेच चालतो, नवा एसआयडी मूळ मशीनलाच मिळतो आणि केलेली तयारी वाया जाते. थेट पेनड्राइव्हवरच्या विंडोज पीईमधून (विंडोजच्या छोट्या आवृत्तीतून) बूट करा आणि डिस्म या विंडोजच्या साधनाने डिस्कची इमेज, म्हणजे विम फाइल बनवा. विम फाइलनिहाय असते, पेजफाइल (मेमरीसाठीची तात्पुरती फाइल) वगैरे आपोआप वगळते, त्यामुळे वेगळ्या आकाराच्या डिस्कवरही बसते. मात्र फॅट३२ पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल राहत नाही. एनटीएफएस वापरा किंवा तुकडे करा.

इमेज दुसऱ्या मशीनवर उलगडल्यावर निळा पडदा आणि 'बूट डिव्हाइस सापडत नाही' असं आलं, तर नवीन इंटेल मशीनवर बायोसमधली व्हीएमडी ही डिस्क हाताळण्याची सेटिंग पाहा. मूळ मशीनवर ती बंद आणि इथे चालू असेल, तर डिस्कचा ड्रायव्हरच इमेजमध्ये नसतो. तो डिस्मने इमेजमध्ये आधीच घालता येतो.

वाटपाचं गणित सोपं आहे. ३० जीबीची इमेज गिगाबिट नेटवर्कवर प्रत्यक्षात सेकंदाला साधारण ११० एमबीने जाते, म्हणजे एका मशीनला साडेचार मिनिटं. चाळीस मशीनना वेगवेगळी पाठवली तर सर्व्हरच्या एका केबलवरून तीन तास. फॉग किंवा क्लोनझिला या इमेज वाटणाऱ्या सॉफ्टवेअरमधून मल्टिकास्ट केली तर एकच प्रवाह सगळे एकदम ऐकतात. पण त्या प्रवाहाचा वेग सर्वांत मंद मशीन ठरवतं. एका जरी केबलची जोडी तुटून ती १०० मेगाबिटवर आली असेल, तर चाळीसही मशीन पाऊण तास लटकतात. सुरू करण्याआधी स्विचवरचे दिवे पाहा.

एसआयडीखेरीजही बरंच काही कॉपी होतं. संस्थेतल्या विंडोजचे परवाने सक्रिय करणाऱ्या केएमएस सर्व्हरला काम सुरू करण्यासाठी किमान २५ वेगवेगळी विंडोज मशीन दिसावी लागतात. जनरलाइझ न केलेल्या चाळीस मशीन त्याला एकच वाटतात. लिनक्सची लॅब असेल तर 'ईटीसी' मधली मशीन-आयडी फाइल रिकामी करा आणि एसएसएचच्या (दूरून लॉगिन करण्याच्या सोयीच्या) होस्ट चाव्या पुसा. नाहीतर उबंटू सर्व्हरच्या दोन प्रती आयपी पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीकडून एकच आयपी पत्ता घेऊन भांडतात.

लॅब आधीच चुकीच्या पद्धतीने कॉपी झालेली असेल तर? मायक्रोसॉफ्टच्या सपोर्टकडून तात्पुरती ग्रुप पॉलिसी मिळते, सेमिस्टर पार पडेपर्यंत ती चालेल. कायमचा उपाय म्हणजे योग्य तयारी करून सगळ्या मशीनवर नव्याने इमेज टाकणं. आधी दोनच मशीनवर टाका, दोन्हींवर एसआयडी दाखवणारं पीएसगेटसिड चालवून आकडे शेजारी ठेवा, एकीचं शेअर दुसरीवरून उघडून पाहा, आणि मगच उरलेल्या अडतीसांना हात लावा.