नेटवर्क ड्राइव्ह तुटतो तेव्हा आधी घड्याळ बघा

एक्सप्लोररमध्ये झेड ड्राइव्हवर लाल फुली दिसते. क्लिक करावं तर फोल्डर लगेच उघडतं आणि फुली गायब होते. दुसऱ्या एखाद्या दिवशी फुली नसते, सगळं ठीक वाटतं, पण फाइल सेव्ह करायला गेलं की अख्खी विंडो गोठते. दोन्ही वेळा तक्रार एकच असते : ड्राइव्ह सारखा तुटतोय. या दोन बिघाडांची कारणं मात्र अगदी निराळी आहेत. ती ओळखायची तर ‘का तुटला’ याच्या आधी ‘कधी तुटला’ हे विचारायला हवं.

सी ड्राइव्हच्या मागे मशिनमधली डिस्क असते. झेडच्या मागे तसं काही नसतं. असते ती विंडोजने लिहून ठेवलेली एक नोंद : हे अक्षर म्हणजे अमक्या सर्व्हरवरचं तमकं फोल्डर. प्रत्यक्ष देवाणघेवाण करतो तो एसएमबी हा प्रोटोकॉल. १९८०च्या दशकात आयबीएममध्ये बॅरी फायगेनबाउम यांनी तो घडवला आणि बरेच बदल होत तो आजही चालू आहे. फोल्डर उघडताना एकावर एक चार थर चढतात. आधी सर्व्हरच्या ४४५ क्रमांकाच्या पोर्टशी, म्हणजे एसएमबीसाठी ठरलेल्या दाराशी, टीसीपी जोडणी होते; टीसीपी म्हणजे दोन मशिनमध्ये डेटाची पॅकेट खात्रीने पोचवणारा प्रोटोकॉल. तिच्यावर सेशन उभं राहतं, म्हणजे आपण कोण हे सर्व्हरला पटतं. मग ठरावीक शेअर, म्हणजे सर्व्हरने वापरायला खुलं केलेलं फोल्डर, जोडला जातो आणि सर्वांत वर असते उघडलेली फाइल. कुठलाही थर निखळला तरी वापरणाऱ्याला ड्राइव्हच गेलेला दिसतो.

सर्वांत निरुपद्रवी प्रकार रिकाम्या वेळेचा. विंडोज सर्व्हर मुळात १५ मिनिटं वाट बघतो आणि तेवढ्या वेळात हालचाल झाली नाही, तर जोडणी सोडून देतो. हा दोष नाही. न वापरलेली सेशन धरून सर्व्हरची साधनं वाया जाऊ नयेत म्हणून केलेली ती सोय आहे. क्लिक करताच जोडणी पुन्हा होते. पहिल्या परिच्छेदातली लाल फुली बहुतेकदा हीच. अडचण येते ती जुन्या प्रोग्रॅमना. ड्राइव्ह सुटलेला दिसला की त्यांना पुन्हा जोडून घेता येत नाही आणि सेव्ह फसतं. अशा ठिकाणी सर्व्हरवर ‘नेट कॉन्फिग सर्व्हर’ या कमांडमधली ऑटोडिस्कनेक्टची किंमत उणे एक केली, की ही सवय बंद होते. तिथे शून्य टाकू नका. शून्य म्हणजे ‘बंद’ असं कुणालाही वाटेल, पण शून्य दिल्यावर सर्व्हर काही सेकंदांतच जोडणी सोडायला लागतो आणि दुखणं वाढतं.

विंडो गोठणं हा प्रकार जास्त गंभीर आहे, आणि माझ्या मते सर्वांत कमी समजून घेतला जाणारा. टीसीपीच्या दोन टोकांना एकमेकांना सांगण्यासारखं काही नसेल, तर तारेवरून एकही पॅकेट जात नाही. दोघांनी फोन कानाला लावून गप्प बसावं तसं ते असतं : मध्येच लाइन गेली तरी कुणी बोलेपर्यंत दोघांनाही पत्ता लागत नाही. टीसीपीमध्ये ‘आहेस ना’ विचारणाऱ्या कीप-अलाइव्हची तरतूद आहे, पण १९८९ सालच्या आरएफसी ११२२ नुसार (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारे दस्तऐवज) ती ऐच्छिक आहे आणि तिचा मूळ कालावधी दोन तासांहून कमी नसावा असा नियम आहे. दरम्यान वाटेवरचे राउटर आणि फायरवॉल प्रत्येक जोडणीची नोंद स्वतःच्या मेमरीत ठेवतात. ही मेमरी मर्यादित असते. आरएफसी ५३८२ म्हणतो की शांत जोडणीची नोंद किमान २ तास ४ मिनिटं राखावी, म्हणजे तो दोन तासांचा प्रश्न तरी वेळेत पोचेल. पण अनेक उपकरणं त्याआधीच नोंद पुसतात, आणि पुसल्याचं कुणालाही कळवत नाहीत.

मग आपण सेव्ह दाबतो. आपल्या मशिनच्या लेखी जोडणी जिवंत असते, त्यामुळे ते पॅकेट पाठवतं. फायरवॉलला ही जोडणी ओळखीची वाटत नाही, तो पॅकेट टाकून देतो. उत्तर येत नाही म्हणून मशिन पुन्हा पाठवतं आणि दर वेळी अधिक वेळ थांबतं. ती गोठलेली विंडो म्हणजे हे थांबणं. व्हीपीएनवरून, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कला खासगी वाटेने जोडून, काम करणाऱ्यांना हा त्रास विशेष होतो, कारण वाटेवर नोंदी ठेवणारे अधिक असतात. इथे सर्व्हरवरचे १५ मिनिटांचे आकडे बदलून काही साधत नाही. मधल्या उपकरणाची मुदत वाढवावी लागते किंवा कीप-अलाइव्हचा कालावधी तिच्यापेक्षा कमी करावा लागतो.

लॅपटॉप झोपेतून उठल्यावर ड्राइव्ह जात असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाला वीज वाचवण्यासाठी बंद होण्याची मुभा आहे का ते पाहा आणि ती काढा. वाय-फायचा क्षणभराचा झटका मात्र एरवी पचायला हवा. विंडोज व्हिस्टाबरोबर आलेल्या एसएमबी २ पासून, योग्य परिस्थितीत, सर्व्हर उघडी फाइल थोडा वेळ राखून ठेवतो आणि परत आलेल्या मशिनच्या हाती देतो. कामाच्या मध्येच वारंवार तुटत असेल, तर केबल, स्विच, ड्रायव्हर यांच्याकडे संशयाने बघा.

फक्त लॉगिनच्या वेळी ड्राइव्ह सापडत नसेल, तर ती शर्यत आहे. नेटवर्क उभं राहण्याआधीच विंडोज ड्राइव्ह जोडायला धावतं. ‘लॉगिनच्या वेळी नेहमी नेटवर्कची वाट पाहा’ ही ग्रुप पॉलिसी (विंडोजमधली प्रशासकाने लावायची सेटिंग) त्यासाठीच आहे.

पासवर्ड बदलल्यापासून त्रास असेल, तर विंडोज पासवर्ड साठवून ठेवतं त्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जुना पासवर्ड पडून असतो, तो काढा. डोमेनमध्ये, म्हणजे ऑफिसची खाती एकाच ठिकाणाहून सांभाळली जातात तिथे, घड्याळही तपासा, कारण कर्बरॉस ही ओळख पटवण्याची पद्धत मुळात ५ मिनिटांपर्यंतचाच फरक खपवून घेतो. अपडेटनंतर नेटवर्कवरचं जुनं स्टोरेज उपकरण एकदम बंद पडलं असेल, तर सुरक्षेचे नियम कडक झालेले असण्याची शक्यता मोठी. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत प्रो वापरणाऱ्यांसाठी एसएमबी सायनिंग, म्हणजे प्रत्येक संदेशावर खरेपणाची डिजिटल सही, सक्तीचं झालं आणि पासवर्डविना पाहुणा म्हणून आत जाणं बंद झालं. अशा वेळी नियम सैल करण्यापेक्षा स्टोरेजवर नाव-पासवर्डाचं खातं उघडा आणि त्याचं फर्मवेअर (उपकरणातलं अंगभूत सॉफ्टवेअर) नवं करा. एसएमबी १ ही जुनी आवृत्ती परत चालू करण्याचा सल्ला मिळाला तर तो मुळीच ऐकू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो त्यातल्याच भगदाडातून.

वेळ नक्की करायला आठवणीवर विसंबू नका. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये एसएमबी क्लायंटच्या खाली कनेक्टिव्हिटीचा लॉग असतो. त्यातली वेळ आणि सर्व्हर, राउटर यांच्या लॉगमधली वेळ शेजारी ठेवा. पिंग (सर्व्हर उत्तर देतो का हे बघणारी कमांड) चालतं म्हणून निर्धास्त होऊ नका. पिंगचा ४४५ पोर्टशी काही संबंध नाही. पॉवरशेलमधलं टेस्ट-नेटकनेक्शन तो पोर्ट थेट तपासतं. सर्व्हरच्या नावाऐवजी आयपी पत्ता देऊन जोडणी टिकते का तेही पाहा, पण निष्कर्ष सांभाळून काढा. टिकली तर दोष नावावरून पत्ता शोधणाऱ्या डीएनएसचा असू शकतो, किंवा कर्बरॉसचाही, कारण आयपी पत्ता दिला की विंडोज सहसा कर्बरॉस सोडून एनटीएलएम ही ओळख पटवण्याची जुनी पद्धत वापरतं.