टीएसआय इंजिनाचा तक्ता कसा घडला: साखळी, पट्टा आणि उष्णता

फोक्सवॅगन टायगुन किंवा स्कोडा कुशाकच्या माहितीपत्रकात इंजिनाचा तक्ता दोन-चार ओळींत संपतो. ९९९ सीसी, ३ सिलिंडर, ११५ पीएस, १७८ न्यूटन-मीटर. किंवा १४९८ सीसी, ४ सिलिंडर, १५० पीएस, २५० न्यूटन-मीटर. या गाड्या चाकणला बनतात, पण त्यांच्या इंजिनाचा वंश जर्मनीतला आणि बराच जुना आहे. त्या ओळींमागचा बराचसा तपशील आधीच्या पिढीत काय झिजलं, काय तडकलं आणि कुठे उष्णता साचली, याचं उत्तर म्हणून आला आहे. म्हणून टीएसआय, म्हणजे फोक्सवॅगनचं टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शन असलेलं पेट्रोल इंजिन, किती टिकेल हे समजून घ्यायचं तर आधीचं कुठे बिघडलं, तिथूनच सुरुवात करावी लागते.

टर्बोची मूळ अडचण जुनीच. एक्झॉस्टच्या जोरावर फिरणारं चाक सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबतं. दाबलेली हवा तापते. ठिणगीने लागलेली ज्योत पोहोचायच्या आधीच तापलेलं मिश्रण स्वतःच पेटतं. यालाच नॉकिंग म्हणतात. १९६२ च्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा, १०.२५ ठेवला होता आणि नॉकिंग थोपवायला पाणी-मिथेनॉलची वेगळी टाकी दिली होती. मालक ती भरायला विसरत आणि गाडीचा जोर जाई. १९७३ च्या बीएमडब्ल्यू २००२ टर्बोने उलटा मार्ग धरला: रेशो थेट ६.९ वर आणला. त्यामुळे टर्बो वेग घेईपर्यंत इंजिन मंद आणि मग अचानक उसळी, असा प्रकार झाला. साबने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्लॉकवर नॉक सेन्सर लावून टर्बोचा दाब त्याच्या इशाऱ्यावर सोडला, आणि रोजच्या वापराचा टर्बो तिथून शक्य झाला. शेवटची मोठी पायरी डायरेक्ट इंजेक्शनची. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं की वाफ होताना ते आतली हवा थंड करतं, त्यामुळे टर्बो असूनही रेशो १० च्या आसपास ठेवता येतो.

याच पायावर फोक्सवॅगनने २००५ मध्ये गोल्फ जीटीत १.४ टीएसआय आणलं. ईए१११ या इंजिनकुटुंबातलं १३९० सीसीचं हे इंजिन १७० पीएस आणि २४० न्यूटन-मीटर देत होतं. ब्लॉक बिडाचा, बोअर (सिलिंडरचा व्यास) ७६.५ आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५.६ मिमी. त्यावर पट्ट्याने फिरणारा ईटनचा सुपरचार्जर आणि एक टर्बो, दोन्ही एकत्र. २४०० आरपीएमपर्यंत जोर लागला की सुपरचार्जर कामाला लागे, ३५०० पर्यंत गरजेपुरता येई, आणि त्यानंतर चुंबकी क्लच त्याला सोडवून सगळं टर्बोवर टाकी. कल्पना देखणी होती आणि २००९ चा सर्वोत्कृष्ट इंजिनाचा आंतरराष्ट्रीय किताबही त्याला मिळाला. पण एवढ्या लहान पिस्टनवर कमी आरपीएमला एवढा दाब टाकण्याची किंमत मोजावी लागली. पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या खाचांमधला पिस्टनचा कडा तडकण्याच्या तक्रारी जास्त ताकदीच्या आवृत्त्यांत पुढे आल्या. लक्षणं ठरलेली: एकाच सिलिंडरचा मिसफायर, तेलाची वाढती भूक, ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ सोडणाऱ्या नळीतून, धूर. अशा वेळी कॉइल आणि प्लग बदलत बसण्याआधी कॉम्प्रेशन मोजावं. सिलिंडरा-सिलिंडरांत ३ बारपेक्षा जास्त फरक दिसला तर प्रश्न वरचा नाही, आतला आहे.

कमी आरपीएमवर जास्त दाब देणाऱ्या सगळ्याच लहान टर्बो इंजिनांना एक आजार पुढे ग्रासू लागला, तो म्हणजे ठिणगीच्या आधीच होणारं कमी वेगातलं प्रज्वलन. रिंगांच्या वरच्या फटीत अडकलेला तेल-पेट्रोलचा थेंब सुटतो, स्वतःच पेटतो आणि एका झटक्यात पिस्टन फोडू शकतो. तेलातल्या कॅल्शियमयुक्त डिटर्जंटने हे वाढतं असं आढळलं, म्हणून २०१८ मध्ये तेलाचे दर्जे ठरवणाऱ्या एपीआय या अमेरिकी संस्थेने एसएन प्लस हा दर्जा काढला आणि २०२० मध्ये एसपी आला. एसपीमध्ये टायमिंग चेनच्या झिजेचीही चाचणी आहे. थोडक्यात, जुन्या दर्जाचं स्वस्त तेल या इंजिनात टाकणं ही बचत नव्हे. डब्यावर एपीआयचा दर्जा पाहावाच, पण त्याहीपेक्षा पुस्तिकेत दिलेला फोक्सवॅगनचा मान्यता क्रमांक जुळला पाहिजे. आणि पाचव्या गिअरमध्ये १२०० आरपीएमवर पेडल तळापर्यंत दाबून चढ चढवू नये. एक गिअर खाली घ्यावा.

भारतीय वाचकाला ईए१११ ची ओळख झाली ती १.२ टीएसआयमुळे. ११९७ सीसी, १०५ पीएस, १७५ न्यूटन-मीटर, सोबत डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ७ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: २०१३ ची पोलो जीटी टीएसआय. चार मीटरच्या आतली गाडी आणि १२०० सीसीच्या आतलं पेट्रोल इंजिन, म्हणजे कराच्या सवलतीतही बसणारी. पुण्या-मुंबईच्या कित्येक गाडीवेड्यांची ती पहिली टर्बो पेट्रोल.

ईए१११ टीएसआयची खरी दुखरी नस होती टायमिंग चेन, म्हणजे क्रँकवरून व्हॉल्व्ह उघडणारा कॅम फिरवणारी साखळी. साखळी म्हणजे आयुष्यभराची, हा समज आपल्याकडे पक्का आहे. इथे तो खोटा ठरला. साखळी ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. रात्रभर गाडी उभी राहिली की त्यातलं तेल उतरतं, सकाळी स्टार्ट करताच पहिले दोन-तीन सेकंद सैल साखळी खडखडते. कड्या आणि पिना झिजून साखळी लांबली की क्रँक आणि कॅमचा मेळ सुटतो, स्कॅनरवर पी००१६ हा कोड येतो. तरीही चालवत राहिलं तर साखळी दातावरून उडी मारते आणि पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. म्हणून खडखड ऐकू आली की गाडी चालवत गॅरेजला न नेता टो करून न्यावी. उतारावर फक्त गिअरमध्ये टाकून गाडी उभी करणंही या इंजिनाला घातक: गाडीचं वजन इंजिन उलटं फिरवू पाहतं आणि सैल साखळी घसरते. आधी हँडब्रेक पूर्ण ओढावा, मग गिअर. दुरुस्तीत नुसती साखळी बदलून भागत नाही. टेन्शनर, दोन्ही गाइड आणि दात्यांची चाकं एकाच वेळी बदलावी लागतात, कॅमचे ताण-बोल्ट नवेच वापरावे लागतात, आणि क्रँक-कॅम जागेवर धरून ठेवणाऱ्या लॉकिंग टूलशिवाय टायमिंग बसवू पाहणाऱ्याच्या हाती इंजिन देऊ नये.

दुसरी तक्रार वेस्टगेटची. टर्बोचा जादा दाब सोडणाऱ्या या झडपेची दांडी गंजून अडकली की दाब कमी पडतो, पी०२९९ कोड येतो आणि गाडी एकदम मरगळते. बऱ्याचदा अख्खा टर्बो बदलायला सांगितलं जातं; त्याआधी दांडी हाताने हलते का, तिच्याकडे जाणाऱ्या नळ्या फाटल्या आहेत का, हे पाहणं पाच मिनिटांचं काम आहे.

२०१२ च्या सुमारास आलेल्या ईए२११ ने या सगळ्याची उत्तरं दिली, आणि ती उघड दिसतात. ब्लॉक ॲल्युमिनियमचा झाला, १.४ लिटरचं वजन तब्बल २२ किलोने उतरलं. साखळी गेली, दात्यांचा पट्टा आला. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतून पाण्याने वेढला, त्यामुळे टर्बोवर येणारा वायू आधीच थोडा निवतो आणि भर वेगात केवळ थंडाव्यासाठी जादा पेट्रोल जाळावं लागत नाही. इंजिन लवकर गरम होतं तेही याचमुळे. थर्मोस्टॅट दोन: हेडसाठी ८७ अंशांचा, ब्लॉकसाठी १०५ अंशांचा. टर्बोची तापलेली हवा निववणारा, पाण्याने थंड होणारा इंटरकूलर इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवला आहे. हवेचा रस्ता जितका आखूड, तितका पिकअप लवकर. वेस्टगेटलाही विजेची मोटर आली.

बोअर ७४.५ मिमी ठेवून फक्त स्ट्रोक बदलत ७६.४ ला ९९९ सीसी, ८०.० ला १३९५ सीसी आणि ८५.९ ला १४९८ सीसी, अशी भावंडं निघाली. २०२० मध्ये बीएस६ लागू होताना पोलोत ११० पीएसचं १.० टीएसआय आलं, २०२१ पासून कुशाक-टायगुनमध्ये ११५ पीएसचं. १.५ टीएसआयमध्ये कमी भाराला मधले दोन सिलिंडर, म्हणजे २ आणि ३, बंद होतात. ही युक्ती आधी १.४ मध्ये १४०० ते ४००० आरपीएमच्या दरम्यान वापरली गेली. कॅमशाफ्टवरच्या बाह्या सरकतात, व्हॉल्व्ह उघडतच नाहीत आणि चालवणाऱ्याला बहुधा कळतही नाही.

ईए२११ निर्दोष मात्र नाही. वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लॅस्टिकचं घर गिअरबॉक्सच्या बाजूला असतं आणि पंप एक्झॉस्ट कॅमवरून छोट्या स्वतंत्र पट्ट्याने फिरतो. तिथल्या गॅस्केटमधून कूलंट झिरपतं. टाकीची पातळी महिन्याला थोडी थोडी उतरते, त्या कोपऱ्यात गुलाबी खरपुडी दिसते. नुसतं पाणी ओतत राहिलं तर कूलंट पातळ होतं, गंज सुरू होतो आणि पुढचा खर्च हेड गॅस्केटपर्यंत जाऊ शकतो. युरोपात १.५ च्या मॅन्युअल गाड्या थंड असताना पहिल्या गिअरमध्ये धक्के देत. तो दोष सॉफ्टवेअर बदलून सुधारला गेला. इनटेक व्हॉल्व्हवर काजळी साचणं हा डायरेक्ट इंजेक्शनचाच स्वभाव, कारण व्हॉल्व्ह धुऊन काढणारं पेट्रोल तिथून जातच नाही. पेट्रोलच्या टाकीत टाकायच्या बाटल्यांचा इथे काही उपयोग नाही. मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या कवचाच्या भुग्याने ब्लास्टिंग करणं हाच खात्रीचा उपाय.

पट्टा आला म्हणून निश्चिंत राहण्यातही अर्थ नाही. त्याची तपासणी आणि बदल पुस्तिकेतल्या अंतरानेच व्हावा. साखळी निदान खडखडून सांगते, पट्टा तुटण्याआधी बोलत नाही. तेलाचंही तसंच. पुस्तिका १००० किमीला अर्ध्या लिटरपर्यंतचा खप मान्य करते, पण निरोगी इंजिन याच्या कितीतरी कमी पितं. दर १००० किमीला सपाट जागी, इंजिन गरम करून, पाच मिनिटं थांबून डिपस्टिक पाहावी आणि आकडा लिहून ठेवावा. खंबाटकीसारखा घाट जोरात चढून लगेच थांबायचं असेल तर मिनिटभर इंजिन चालू ठेवावं. मिनिटाला दोन लाखांहून अधिक फेरे घेणाऱ्या टर्बोच्या बेअरिंगमध्ये तेल जळून कोळसा होतो तो नेमका तेव्हा. बंद केल्यावरही विजेचा छोटा पंप काही वेळ कूलंट फिरवतो. तो गुरगुरणारा आवाज बिघाड नव्हे.

जुनी गाडी घेणाऱ्याने एक गोष्ट आणखी ध्यानात ठेवावी. १.० च्या ॲल्युमिनियम ब्लॉकमध्ये बिडाचे लायनर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत होणाऱ्या नळ्या, आहेत. १५० पीएसच्या १.५ मध्ये लायनरच नाहीत. सिलिंडरच्या भिंतीवर प्लाझ्माने फवारलेला पोलादाचा पातळ थर आहे. घर्षण कमी होतं, उष्णता चटकन निघून जाते. पण तेल संपून त्यावर ओरखडे उठले, तर गल्लीतल्या लेथवर रिबोअर करून हे इंजिन परत उभं राहत नाही.