फुफ्फुसाबाहेरचा टीबी औषधांना दाद देईल का? टेस्ट कोणाची, कागद कोणते, सॅम्पल कसं द्यायचं

माझ्या बहिणीच्या मानेतली गाठ काढली तेव्हा ती अख्खी एकाच बाटलीत टाकली आणि त्यात फॉर्मॅलिन (तुकडा टिकवायचं रसायन) होतं. रिपोर्ट टीबीसारखाच आला, पण कुठली औषधं लागू पडणार ते कळायला मार्गच उरला नाही, कारण फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात आणि मेलेला जंतू कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघायच्या टेस्टमध्ये, वाढत नाही. परत सुई टोचावी लागली बिचारीला.

म्हणून बायोप्सीच्या आधीच डॉक्टरांशी बोला, दोन बाटल्या हव्यात, एक फॉर्मॅलिनची पॅथॉलॉजीला आणि दुसरी निर्जंतुक सलाईनची टीबी लॅबला, आणि ही दुसरी लवकरात लवकर पोचायला हवी. मेंदूज्वराचा संशय असेल तर पाठीतून काढलेलं पाणी जरा जास्त लागतं, त्यात जंतू फार कमी असतात.

टेस्ट कोणाची? खरं तर फुफ्फुसाबाहेरच्या टीबीचा संशय आहे त्या प्रत्येकाची, औषधं सुरू करायच्या आधी. पूर्वी टीबीची औषधं घेतलीत, मध्येच सोडलीत, घरात एमडीआर (मुख्य औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचा) पेशंट आहे किंवा गोळ्या चालू असून फरक नाही, तर आग्रहच धरा. (उपचार चालू असताना गाठ कधीकधी वाढते, तो दरवेळी रेझिस्टन्सच, म्हणजे जंतू औषधाला दाद न देणं, असतो असं नाही, पण दाखवा नक्की.)

कागदांत मुख्य म्हणजे डॉक्टरांनी भरलेला टेस्टचा फॉर्म. त्यावर सॅम्पल शरीरातल्या कुठल्या जागेचं, कधी घेतलं, आधी कोणती औषधं किती दिवस घेतली हे हवंच, आणि नाव बाटलीवर आणि फॉर्मवर सारखंच. जुने रिपोर्ट, चिठ्ठ्या सोबत न्या.

जीनएक्स्पर्ट (जंतूचा डीएनए शोधणारी मशीनवरची टेस्ट) साधारण दोन तासांत टीबी आणि रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाचा रेझिस्टन्स दोन्ही सांगतं, जागतिक आरोग्य संघटनेने 2013 पासून ते पाठीतल्या पाण्यासाठी आणि गाठींसाठीही मान्य केलंय. निगेटिव्ह आलं म्हणून टीबी नाहीच असं मात्र धरू नका, छातीतल्या पाण्यात तर ते बऱ्याचदा चुकतं. याच टेस्टच्या नव्या ‘अल्ट्रा’ प्रकारात ‘ट्रेस’ (अगदी थोडा अंश) आलं तर जंतू सापडलाय पण रेझिस्टन्स कळत नाही. रक्ताच्या अँटीबॉडी टेस्टवर पैसे घालवू नका, संघटनेने 2011 मध्येच त्या वापरू नका म्हणून सांगितलंय.

रेझिस्टन्स निघाला तर जागा पुन्हा महत्त्वाची, कारण रेझिस्टंट टीबीसाठीचा सहा महिन्यांचा नवा बीपाल-एम (चार औषधांचा) कोर्स मेंदूच्या आणि हाडांच्या टीबीला देत नाहीत.

कल्चरला सहा आठवडेही लागतात, तेव्हा फॉर्मवर चालू मोबाईल नंबर लिहा आणि रिपोर्ट कधी मिळेल ती तारीख तिथेच विचारून घ्या.