मलेरियामुक्त देशाचे प्रमाणपत्र : अर्ज कोणाचा, पात्रता काय आणि मुंबईतील नोंदींचे महत्त्व

जागतिक आरोग्य संघटनेचे मलेरियामुक्तीचे प्रमाणपत्र संपूर्ण देशाला दिले जाते. मुंबई महानगरपालिकेला किंवा राज्य शासनाला त्यासाठी स्वतंत्र अर्ज करता येत नाही. एखादे राज्य वा जिल्हा मलेरियामुक्त झाल्याची पडताळणी देशाने आपल्या पातळीवर करावी, अशी मुभा मात्र आहे.

पात्रतेच्या अटी दोन. मानवी मलेरियाच्या सर्व परजीवींचा स्थानिक प्रसार देशभरात सलग किमान तीन वर्षे थांबलेला असावा आणि तो पुन्हा सुरू होऊ न देणारी सर्वेक्षण यंत्रणा कार्यरत असावी. भारताने २०२७ पर्यंत स्थानिक रुग्णसंख्या शून्यावर आणण्याचे आणि २०३० पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे.

यातील ‘स्थानिक’ या अटीबाबत मुंबईत हमखास गैरसमज होतो. ओडिशा किंवा झारखंडहून आलेल्या बांधकाम मजुराला ताप आला, की तो ‘बाहेरचा रुग्ण’ म्हणून सोडून देण्याकडे कल असतो. शहराच्या हिशेबात ते कदाचित चालेल. पण प्रमाणपत्राच्या दृष्टीने देशाच्या सीमेपलीकडून संसर्ग घेऊन आलेला रुग्णच बाहेरचा ठरतो, आणि गावाकडे संसर्ग झालेला मजूर भारताच्याच खात्यावर मोजला जातो.

म्हणून खरे कागदपत्र म्हणजे प्रत्येक रुग्णाची नोंद. रक्ताच्या काचेचा किंवा रॅपिड टेस्टचा अहवाल, परजीवीचा प्रकार, राहण्याचा पूर्ण पत्ता, आजारापूर्वीच्या काही आठवड्यांतील मुक्काम आणि उपचार पूर्ण झाल्याची खात्री, एवढे तिच्यात असावे. परजीवी व्हायव्हॅक्स या प्रकारचा असल्यास एरवी चौदा दिवस दिली जाणारी प्रायमाक्वीनची गोळी ताप उतरताच बंद केली गेली, तर यकृतात दडलेला परजीवी काही महिन्यांनी पुन्हा डोके वर काढतो आणि तो नवा संसर्ग की जुनाच, हे ठरवणे अवघड होते. (गर्भवतींना ही गोळी देत नाहीत.) त्याच पत्त्यावर कीटकनाशक खात्याने गच्चीवरील टाक्या तपासणेही तितकेच आवश्यक, कारण शहरी मलेरिया पसरवणारा ॲनॉफिलीस स्टिफेन्सी डास झाकण नीट न बसलेल्या टाकीतील स्वच्छ पाण्यात वाढतो. खाजगी दवाखान्यातील रुग्ण पालिकेला कळवलाच नाही, तर हा सारा तपास सुरूच होत नाही.

पुढील प्रक्रिया केंद्र सरकारची. सरकार संघटनेकडे औपचारिक विनंती करते आणि राष्ट्रीय निर्मूलन अहवाल सादर करते. त्यानंतर स्वतंत्र तज्ज्ञ प्रत्यक्ष भेट देऊन नोंदी पडताळतात, सल्लागार गट शिफारस करतो आणि अंतिम निर्णय संघटनेचे महासंचालक घेतात. शेजारच्या श्रीलंकेला २०१६ मध्ये हे प्रमाणपत्र मिळाले.

प्रमाणपत्र कायमचे नसते. एकाच ठिकाणी एकाच प्रकारच्या परजीवीचे तीन किंवा अधिक स्थानिक रुग्ण दरवर्षी, असे सलग तीन वर्षे आढळले, तर प्रसार पुन्हा सुरू झाल्याचे मानून ते गमवावे लागू शकते.