पार्श्वभूमी: मातृत्वाचा दंड की भुर्दंड?

मूल झालं की आईची कमाई घसरते आणि बापाची जागच्या जागी राहते, कधीकधी थोडी वरही सरकते. यात आता कुणाला नवल वाटत नाही. भांडण आहे ते या घसरणीला म्हणायचं काय आणि ती मोजायची कशी, यावर.

जुना काळ थोडक्यात उरकतो. मुलांकडे बघून पगार ठरवणं पूर्वी उघडउघड चाले, फक्त ती मुलं बापाच्या खात्यावर मांडलेली असत. १९०७ साली ऑस्ट्रेलियात शेतीची अवजारं बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रकरणात निवाडा झाला, की अकुशल कामगाराला दिवसाला निदान ७ शिलिंग मिळायला हवेत. नवरा, बायको आणि तीन मुलं असं घर तेवढ्यात भागलं पाहिजे. सडाफटिंग पुरुषालाही तोच दर. बाईचा दर मात्र तिच्या एकटीच्या पोटापुरता धरला जाई, मग घरी तिच्यावर अवलंबून असलेली चार तोंडं का असेनात. ब्रिटनमध्ये लग्न होताच शिक्षिकेला नोकरी सोडायला लावायची मुभा १९४४पर्यंत होती. आयर्लंडच्या सरकारी नोकरीत लग्नाची ही आडकाठी १९७३पर्यंत टिकली. तिथे आईचा पगार किती घटला हे विचारण्यात अर्थच नव्हता, कारण पगार लग्नातच बंद झालेला असे.

‘दंड’ हा शब्द रुळला तो नंतर, कायद्याने समान वेतन मिळूनही आकडे जुळेनात तेव्हा. १९९०च्या दशकापासून अमेरिकी अभ्यासकांनी आया आणि मूल नसलेल्या बायका यांची तुलना सुरू केली. २००१च्या एका गाजलेल्या अभ्यासात दर मुलामागे सुमारे ७ टक्के घट निघाली. कामाच्या अनुभवातला फरक बाजूला काढला तरी ५ टक्क्यांच्या आसपास उरलीच. पुढे २०१९मध्ये सहा देशांची तुलना आली. तिच्यात डेन्मार्कचा आकडा २१ टक्के होता, अमेरिकेचा ३१ आणि जर्मनीचा ६१. तेव्हापासून ७ आणि ६१ हे आकडे एकाच तागडीत टाकले जातात, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

७ टक्के आहेत ते तासाच्या दरातले. ६१ टक्के आहेत ते वर्षाच्या कमाईतले, त्यातही नोकरी पार सोडलेल्या आया शून्य कमाईने मोजलेल्या, आणि तुलना बापांशी. समजा, एखादी बाई तासाला १०० या दराने आठवड्याला ४० तास काम करत होती. बाळंतपणानंतर ती ९५ने ३० तास करू लागली. तिचा दर ५ टक्क्यांनी उतरला, पण कमाई ४०००वरून २८५०वर, म्हणजे जवळजवळ २९ टक्क्यांनी खाली आली. दोन्ही आकडे खरे. ‘फरक किरकोळ आहे’ म्हणणारा पहिला उचलतो, ‘फरक भयंकर आहे’ म्हणणारा दुसरा, आणि दोघेही त्याला दंडच म्हणतात.

शब्दाची दुसरी अडचण अशी, की दंड म्हटला की कुणीतरी तो ठोठावलेला असतो. कमी तास काम करणं ही आईची निवड आहे, दंड कसला, असा आक्षेप लगेच येतो. मराठीत ‘भुर्दंड’ हा जास्त नेमका शब्द आहे: कुणी ठोठावला ते सांगता येत नाही, भरावा मात्र लागतो. तरीही ठोठावणारे हात कधीकधी स्पष्ट दिसतात. २००७च्या एका अमेरिकी प्रयोगात तोलामोलाचे बायोडेटा तयार केले आणि काहींत पालक-शिक्षक संघाच्या कामाची एक ओळ घातली. त्या ओळीवरून उमेदवार आई आहे हे कळत होतं, बाकी पात्रता तीच. निवड करणाऱ्यांनी आईला सुचवलेला सुरुवातीचा पगार मूल नसलेल्या बाईपेक्षा वर्षाला सुमारे ११,००० डॉलरनी कमी होता. बापाच्या बायोडेटातली तीच ओळ उलट त्याच्या पथ्यावर पडली. इथे निवडीचा आक्षेप लंगडा पडतो, असं मला वाटतं.

डेन्मार्कचा आलेख एकदा पाहिला की विसरत नाही. आई आणि बापाच्या कमाईच्या दोन रेषा पहिल्या मुलाच्या आदल्या वर्षापर्यंत हातात हात घालून चालतात. जन्माच्या वर्षी आईची रेषा कोसळते, थोडी सावरते आणि पुढे वीस वर्षं खालीच राहते. बापाच्या रेषेवर ओरखडाही नाही. तफावतीत कामाबाहेर पडणं, कमी तास आणि कमी दर यांचे वाटे साधारण सारखे निघाले. मूल दत्तक घेतलेल्या आयांचीही कमाई घटते, तेव्हा केवळ बाळंतपणाकडे बोट दाखवून चालत नाही. ऑस्ट्रियात अनेक दशकं रजा आणि पाळणाघरं वाढवूनही या घसरणीत फारसा फरक पडला नाही, असंही निष्पन्न झालं. धोरणवाल्यांना ते अजून पचलेलं नाही.

आता या आलेखावरच शंका आहे. डेन्मार्कमध्येच कृत्रिम गर्भधारणेचा पहिला उपचार यशस्वी झालेल्या आणि न झालेल्या बायकांची तुलना केली गेली. २०१७मध्ये तिच्यातून घट मोठी आणि टिकाऊ दिसली होती. त्याच अभ्यासकांनी पुढे जास्त वर्षांची माहिती घेतली, तेव्हा साधारण दहा वर्षांनी ती विरत गेलेली आढळली. त्यांच्या मते बायका मूल होऊ देतात तेच पगारवाढ मंदावण्याच्या सुमारास, म्हणून आदल्या वर्षाला पाया धरणारा आलेख घसरण फुगवतो. पण ती दहा वर्षं म्हणजे बढत्यांचीच वर्षं, आणि या वादात त्यांचा हिशोब फारसा कुणी मांडत नाही.