शिकणाऱ्या जाळ्यात राबतं कोण? युनिट-वापराच्या मोजणीची पार्श्वभूमी

न्यूरल नेटवर्कच्या, म्हणजे कृत्रिम चेतापेशींच्या जाळ्याच्या, स्पर्धात्मक शिक्षणात प्रत्येक इनपुटला एक युनिट (जाळ्यातली एक पेशी) जिंकते आणि त्याचीच वेट्स (जोडण्यांचे आकडे) सुधारतात. ज्याची सुरुवातीची वेट्स इनपुटपासून लांब पडली, ते जिंकत नाही, म्हणून शिकत नाही, आणि म्हणून पुढेही हरतच राहते. १९८५ मध्ये रुमेलहार्ट आणि झिप्सर यांनी हरणाऱ्यांनाही किंचित शिकू दिले. १९८८ मध्ये डिसिएनो यांनी उलट बाजूने, सतत जिंकणाऱ्यालाच मागे ओढले. कोहोनेनच्या नकाशात (१९८२), जिथे युनिट्स जाळीवर शेजारी-शेजारी मांडलेली असतात, विजेत्याचे शेजारीही सुधारतात, त्यामुळे हा त्रास कमी. तिथे १९९० पासून यू-मॅट्रिक्स नावाचे चित्र काढतात. पण त्यात दिसते ते शेजाऱ्यांच्या वेट्समधले अंतर. वापर पाहायचा तर कोणते युनिट किती वेळा जिंकले, याचा वेगळा नकाशा लागतो.

न्यूमेंटा कंपनीच्या एचटीएममध्ये (मेंदूच्या बाह्यकावरून बेतलेल्या शिकण्याच्या पद्धतीत) प्रश्न अधिक फसवा झाला. तिथे युनिटच्या जागी कॉलम असतात. नेहमीच्या मांडणीत २०४८ कॉलम, एका वेळी ४० चालू, म्हणजे सुमारे २ टक्के. तेच ४० कायम चालू राहिले आणि बाकीचे झोपले, तरी विरळपणा (एका वेळी चालू कॉलमचे प्रमाण) २ टक्केच भरतो! म्हणून २०१७ मध्ये कुई, अहमद आणि हॉकिन्स यांनी स्पेशियल पूलरच्या (इनपुटवरून कॉलम निवडणाऱ्या भागाच्या) मापांत एन्ट्रॉपीही, म्हणजे वापर किती सारखा वाटला गेला याचे मापही, धरली. सगळे कॉलम सारखे वापरले गेले तर ती दर कॉलमला जवळपास ०.१४ बिट येते. तेच ४० राबत असतील तर शून्य. मात्र एन्ट्रॉपी वाढवायला बूस्टिंग (कमी वापरलेल्या कॉलमना जिंकायला दिलेला हात) जोरात लावले, की त्याच इनपुटला दर वेळी निराळे कॉलम उठतात. स्थिरतेचा आलेख शेजारी नसेल तर नुसत्या एन्ट्रॉपीवर विसंबू नये.

कॉलमच्या वापराची, जुने हळूहळू विसरणारी सरासरी न्यूपिकमध्ये (न्यूमेंटाच्या एचटीएम सॉफ्टवेअरमध्ये) मुळात १००० पायऱ्यांची असते; एक पायरी म्हणजे एक इनपुट. पणजीचा दर तासाचा पाऊस इनपुट म्हणून दिला तर हे झाले जेमतेम ४२ दिवस. परतीच्या सरी सोडल्या आणि कॉलम सप्टेंबरनंतर उठलाच नाही असे धरले, तर जानेवारीअखेर त्याचा आकडा मूळच्या सुमारे ५ टक्क्यांवर येतो. चवथीच्या पावसात राबलेला कॉलम कार्निव्हलच्या तोंडावर निकामी ठरतो. बूस्टिंग त्याला कोरड्या हवेच्या कामाला जुंपते आणि जूनमध्ये पावसाळा पुन्हा पहिल्यापासून शिकावा लागतो. अशा डेटाला सरासरी निदान ८७६० पायऱ्यांची ठेवावी आणि महिनावार तक्ता काढावा: आडवे कॉलम, उभे बारा महिने. जून ते सप्टेंबरच भरलेला कॉलम हंगामी असतो. बाराही घरे कोरी असतील, तरच तो रिकामा म्हणावा.