प्रवर्तन चलित्र

प्रवर्तन चलित्र : प्रत्यावर्ती विद्युत् प्रवाहावर चालणारी आणि फिरत्या भागाला बाहेरून वीज न जोडता फिरणारी मोटर. व्यवहारात इंडक्शन मोटर हेच नाव रूढ आहे. पंप, पंखे, कंप्रेसर, लेथ, पीठगिरण्या, उद्वाहक अशा असंख्य यंत्रांना हिच्यापासून गती मिळते. जगात वापरल्या जाणाऱ्या विजेपैकी जवळजवळ निम्मी वीज विविध मोटरींमध्ये खर्च होते आणि कारखान्यांतील मोटरींत प्रवर्तन चलित्रांचाच भरणा अधिक असतो.

इतिहास : फिरणाऱ्या तांब्याच्या तबकडीवर टांगलेली चुंबकसूची तबकडीमागे ओढली जाते, हे फ्रांस्वा आरागो यांनी १८२४ च्या सुमारास दाखविले. चुंबक फिरवल्यास तबकडी त्याच्यामागे फिरते, हा उलट प्रयोग बॅबेज व हर्शेल यांनी १८२५ मध्ये केला. कारणमीमांसा मात्र फॅराडे यांच्या विद्युत् चुंबकीय प्रवर्तनाच्या शोधानंतर, म्हणजे १८३१ नंतरच शक्य झाली. वॉल्टर बेली यांनी १८७९ मध्ये लंडन येथे स्थिर विद्युत् चुंबकांतील प्रवाह हाताने क्रमाक्रमाने बदलून तबकडी फिरवली. चुंबक जागेवरच ठेवून क्षेत्र फिरविण्याची कल्पना येथे स्पष्ट दिसते.

अशा फिरत्या क्षेत्रावर चालणाऱ्या मोटरीच्या श्रेयाबद्दल मतभेद आहेत. तूरिन येथील गालिलेओ फेरारिस यांनी १८८५ मध्ये प्रयोग केल्याचे मानले जाते. त्यांचा निबंध १८ मार्च १८८८ रोजी सादर झाला. निकोला टेस्ला यांनी एकस्वासाठी (पेटंटसाठी) ऑक्टोबर १८८७ मध्ये अर्ज केले. १ मे १८८८ रोजी त्यांना एकस्वे मिळाली व १६ मे रोजी त्यांनी अमेरिकन विद्युत् अभियंत्यांपुढे व्याख्यान दिले. आपल्याला ही कल्पना १८८२ मध्ये बूडापेस्ट येथे सुचली, असे टेस्ला सांगत. पण त्याला मुख्य आधार त्यांच्या नंतरच्या आठवणींचाच आहे. प्रसिद्धीचा निकष लावल्यास फेरारिस आधी येतात, अर्जाचा लावल्यास टेस्ला. दोघांनी स्वतंत्रपणे काम केले, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

तथापि आजच्या मोटरीची घडण या दोघांपेक्षा मिखाईल दोलिवो-दोब्रोवोल्स्की यांच्या कामाशी अधिक जुळते. अशा मोटरीची कार्यक्षमता ५० टक्क्यांपुढे जाणार नाही, असा फेरारिस यांचा समज होता. घूर्णक (मोटरीचा फिरता भाग) क्षेत्राच्या निम्म्या वेगाने फिरत असताना ते खरेही आहे. घूर्णकाचा विद्युत् रोध कमी ठेवल्यास तो क्षेत्राच्या जवळपास वेगाने फिरतो व ही मर्यादा उरत नाही, हे दोब्रोवोल्स्की यांनी ओळखले. त्यांनी १८८९ मध्ये पिंजरा घूर्णकाची (दोन कड्यांत जोडलेल्या दांड्यांच्या घूर्णकाची) त्रिकला (थ्री-फेज) मोटर बनविली. १८९१ मध्ये जर्मनीतील लाउफेन येथून सुमारे १७५ किमी. अंतरावरील फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात आणलेल्या विजेवर तेथे १०० अश्वशक्तीची मोटर चालविण्यात आली.

कार्य : स्थाणुकातील (मोटरीच्या स्थिर भागातील) तीन गुंडाळ्यांतून एकमेकांपेक्षा १२० अंशांनी मागेपुढे असणारे प्रवाह वाहतात, तेव्हा त्यांचे संयुक्त क्षेत्र फिरू लागते. ५० हर्ट्‌झच्या विजेवर चार ध्रुवांच्या मोटरीत या क्षेत्राचा वेग मिनिटाला १,५०० फेरे असतो. घूर्णकातील अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या दांड्या दोन्ही टोकांना कड्यांनी जोडलेल्या असतात. त्यांत प्रवर्तित झालेले प्रवाह व क्षेत्र यांच्यातील बलाने घूर्णक फिरतो. तो क्षेत्राइतक्याच वेगाने फिरू लागला, तर दांड्यांच्या दृष्टीने क्षेत्र स्थिर होईल, प्रवाह थांबेल आणि फिरविणारे बलही नाहीसे होईल. म्हणून घूर्णकाने थोडे मागे राहणे ही या मोटरीची मूळ अट होय. या फरकाला स्लिप म्हणतात. १,४४० फेऱ्यांच्या मोटरीत ती ४ टक्के असते. घूर्णकाला मिळालेल्या शक्तीचा तेवढाच हिस्सा त्याच्या दांड्यांत उष्णतेच्या रूपाने वाया जातो.

सुरू होताना मोटर पूर्ण भाराच्या साधारण पाच ते सात पट प्रवाह घेते. सुरुवातीला गुंडाळ्यांवरील व्होल्टेज कमी ठेवणाऱ्या स्टार-डेल्टा स्टार्टरने तो एक-तृतीयांश होतो, पण फिरविणारे परिबलही (टॉर्क) त्याच प्रमाणात घटते. परिबल व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने व्होल्टेज १० टक्के उतरले तरी परिबल ८१ टक्क्यांवर येते. भारासह सुरू होणाऱ्या पंपांच्या बाबतीत ही गोष्ट लक्षात घ्यावीच लागते. चालू मोटरीचा एक फेज गेला तर ती उरलेल्या दोन फेजवर फिरत राहते, प्रवाह वाढतो आणि संरक्षक रिले नसल्यास वाइंडिंग जळते.

एककला (सिंगल-फेज) मोटरीत क्षेत्र फिरत नाही, ते केवळ जागच्या जागी कमीजास्त व उलटसुलट होते. म्हणून सुरुवातीसाठी सहायक गुंडाळी व कपॅसिटर वापरतात. छतावरील पारंपरिक पंखे याच प्रकारचे होत.

पूर्वी वेग बदलणे ही या मोटरीची मोठी अडचण होती. विजेची वारंवारता व व्होल्टेज एकत्र बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हमुळे ती दूर झाली, आणि ज्या रेल्वे एंजिनांत एकदिश (डीसी) मोटरी असत तेथेही प्रवर्तन मोटरी आल्या. विद्युत् मोटारगाड्यांत मात्र कायम चुंबकांच्या समकालिक (क्षेत्राच्याच वेगाने फिरणाऱ्या) मोटरींना अधिक पसंती आहे.